शिफारशीचा बाजार

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट आहे. मूर्तिजापूर तालुक्यातील एक गृहस्थ आमच्या अमरावतीच्या कचेरीत आले. हातात चार घड्या घातलेला एक कागद होता. तो त्यांनी आमच्या टेबलावर पसरला, तेव्हा तो आमच्याच दैनिकाच्या संकेतस्थळावरील एका लेखाचा छापून घेतलेला उतारा निघाला. अकोल्यात नव्याने निघालेल्या एका शिकवणी वर्गाचे त्यात भरघोस गुणवर्णन होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी वऱ्हाडच्या गावोगावची मुले अकोल्यास येऊन राहतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या गृहस्थांची कन्याही अशीच आली होती. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून त्यांनी दोन हप्ते भरले. दिवाळीपूर्वीच वर्गाला कुलूप लागले आणि चालकांचा दूरध्वनी बंद झाला. ते आमच्यावर रागावले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "गावातल्या कोनं सांगतलं असतं तं दोनदा इचार केला असता साहेब. पण तुमच्या पेपरावर व्हतं ना जी."

आम्ही चौकशी केली. तो लेख आमच्या कोणाही वार्ताहराने लिहिलेला नव्हता. दूरच्या एका शहरातील मध्यस्थ संस्थेने तो तयार करून पाठविला होता आणि आमच्या जाहिरात विभागाकडे त्याबद्दल पैसे भरले होते. अटी दोनच होत्या. लेखावर 'जाहिरात' हा शब्द असू नये, आणि लेखातील दोन शब्दांना जोडलेला त्या वर्गाच्या संकेतस्थळाचा दुवा आहे तसा राहू द्यावा. छापील अंकात तो मजकूर यावयाचा नव्हता, तेव्हा त्यात काही वावगे आहे असे विभागास वाटले नाही. आम्ही स्वतः तो वाचलाही नव्हता. छापील अंकातील प्रत्येक ओळीखाली आमची नजर जाते आणि संकेतस्थळावरच्या पानांखाली जात नाही, हा आमचा दोष आहे व तो आम्ही येथेच पदरी घेतो.

पण अधिक चौकशी करता एक निराळीच गोष्ट उघडकीस आली. त्या मुलीने आमचे संकेतस्थळ उघडून तो लेख शोधला नव्हता. तिने आपल्या फोनवर अकोल्यातील चांगल्या शिकवणी वर्गांचा शोध केला होता. आणि त्या शोधाच्या उत्तरात, पंधरा-वीस वर्षे चाललेल्या नामांकित वर्गांच्याही वर, हा सहा महिन्यांचा वर्ग येऊन बसला होता. आमचा लेख तिने खात्रीसाठी नंतर पाहिला. तेव्हा त्या मध्यस्थाने आमच्याकडून काय विकत घेतले, असा प्रश्न उभा राहतो. आमचे वाचक त्याला नको होते. त्या लेखाला पुरते तीनशे वाचकही लाभले नव्हते. त्याला हवी होती ती एका यंत्राच्या कानात आमच्या नावाने सांगितलेली शिफारस.

हे यंत्र म्हणजे गूगलसारखे शोधयंत्र. आज बहुतेकांच्या हाती ते असते, परंतु दहा पानांपैकी कोणते वर आणि कोणते खाली हे ते कसे ठरविते याचा विचार फार थोडे करतात. ज्या काळी ही कल्पना निघाली त्या काळी लॅरी पेज व सर्गेई ब्रिन हे दोघे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करीत होते. दोघेही प्राध्यापकांचे पुत्र. विद्वानांच्या जगात एखाद्या निबंधाची थोरवी कशी मोजतात, तर पुढील किती निबंधांनी त्याचा आधार घेतला, आणि आधार घेणारे स्वतः किती थोर, यावरून. १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात त्यांनी हाच न्याय संगणकांच्या जाळ्याला लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला की तो त्या दुसऱ्या पानाच्या बाजूचा एक कौल समजावा. आणि कौल देणारा स्वतः जितका मान्यवर, तितके त्याच्या कौलाचे वजन अधिक. मराठीत 'दुवा' या शब्दाला सांधा आणि आशीर्वाद असे दोन्ही अर्थ आहेत. या दोन तरुणांना मराठी येत असती तर आपल्या युक्तीला याहून नेमके नाव त्यांना सापडले नसते!

आम्ही काही वर्षे शाळामास्तर होतो, त्यामुळे या युक्तीतील मर्म आम्हांस लवकर उमगते. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलास सद्वर्तनाचा दाखला देण्याची चाल आहे. सगळ्यांना सारख्याच शब्दांत दिलेला तो दाखला कोणी वाचीत नाही. परंतु एखाद्या मुलासाठी मुख्याध्यापकांनी आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या, तर त्या चार ओळींनी त्याला महाविद्यालयात जागा मिळाल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या ओळींत जे बळ होते ते लिहिणाऱ्याला त्यापासून कवडीचाही लाभ नव्हता, यातून आलेले होते. तशा ओळी पाच रुपयांना मिळतात असे एकदा गावात कळले असते, तर त्या दिवसापासून खऱ्या लायक मुलाच्या दाखल्यालाही कोणी विचारले नसते.

संकेतस्थळांच्या जगात नेमके हेच झाले, आणि त्यास काही अंशी गूगलचाच हातभार लागला. २००० साली या कंपनीने प्रत्येक पानाचे वजन शून्य ते दहा अशा आकड्यात सर्वांस दिसेल अशी सोय केली. वजन दिसू लागताच त्याला भाव फुटला. सात वजनाच्या पानावरील दुव्याचा दर एक, पाचाच्या पानावरील दुव्याचा दर दुसरा, असा उघड व्यापार सुरू झाला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील सर्चकिंग नावाच्या कंपनीने तर असे दुवे मिळवून देण्याची पेढीच काढली. २००२ साली गूगलने तिचे वजन एकाएकी उतरविले. कंपनी न्यायालयात गेली. २००३ साली न्यायालयाने निकाल दिला तो असा की, कोणते पान किती महत्त्वाचे हे गूगलचे मत आहे आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य त्या देशाच्या घटनेने दिलेले आहे. हा निकाल वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

त्यानंतरची हकीकत म्हणजे चोर आणि शिपाई यांच्या पाठशिवणीची हकीकत आहे. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या शंभर वर्षांहून जुन्या अमेरिकन दुकानाचे प्रकरण बाहेर काढले. नाताळच्या हंगामात बायकांचे कपडे म्हणा, अंथरुणे-पांघरुणे म्हणा, जे शोधावे त्यात हे दुकान पहिले येत होते. शोध घेता असे दिसले की, अणुअभियांत्रिकीपासून जुगारापर्यंत ज्यांचा कापडचोपडाशी सुतराम संबंध नाही अशा हजारो पानांवर या दुकानाचे दुवे पेरलेले होते. आपल्याला त्याची कल्पना नव्हती, असे दुकानाने सांगितले. गूगलने कारवाई केली, आणि दिवाणखान्याच्या फर्निचरच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान अडुसष्टाव्या क्रमांकावर गेले. पुढील वर्षी, म्हणजे २०१२ च्या एप्रिलमध्ये, असे बनावट कौल यंत्रानेच ओळखून काढावेत अशी व्यवस्था कंपनीने केली. तिला पेंग्विन असे गोजिरवाणे नाव दिले असले तरी तिच्या तडाख्यात असंख्य संकेतस्थळे सापडली.

पण आम्हा वृत्तपत्रवाल्यांना खरोखर लागू पडावे असे प्रकरण २०१३ च्या फेब्रुवारीतील आहे. इंटरफ्लोरा ही इंग्लंडातील फुलांचे गुच्छ घरपोच करणारी जुनी कंपनी. प्रेमीजनांचा दिवस नुकताच होऊन गेला होता आणि तिकडील मातृदिन जवळ येत होता. म्हणजे फुलांच्या धंद्याची ऐन सुगी. अशा वेळी ही कंपनी गूगलवरून नाहीशी झाली. तिचे स्वतःचे नाव टाकून शोधले तरी ती सापडेना. कारण असे आढळले की, तिने लहान लहान शहरांतील वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर लेखासारख्या दिसणाऱ्या जाहिराती पैसे देऊन दुव्यांसह लावून घेतल्या होत्या. सुमारे अकरा दिवसांनी, ते दुवे काढून टाकल्यावर, कंपनी परत दिसू लागली. परंतु शिक्षा तिच्यापुरतीच राहिली नाही. ज्या स्थानिक वृत्तपत्रांनी दुवे विकले होते त्यांपैकी अनेकांचे वजनही उतरले. इंग्लंडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावचे पत्र आणि आमचे पत्र यांत अंतर किती? त्यांनाही छापील जाहिरातींचे उत्पन्न आटत चालल्याचे दुःख होते, आणि बसल्या जागी पैसा देणारा हा नवा गिऱ्हाईक त्यांनाही देवासारखा वाटला असेल.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा पाश अधिक आवळला आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने जाहीर केले की, एखाद्या प्रतिष्ठित संकेतस्थळाच्या नावाचा आडोसा घेऊन परक्यांनी तेथे आपला मजकूर मांडणे हाही गैरवापर समजला जाईल. मे महिन्यापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि नोव्हेंबरात नियम आणखी कडक झाला. मोठमोठ्या अमेरिकन व युरोपीय पत्रांनी आपल्या संकेतस्थळांवर सवलतीच्या कूपनांची आणि वस्तूंच्या परीक्षणांची जी पोटभाड्याची दुकाने थाटली होती, त्यांना त्याची झळ लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज आहे. जाहिरात घेऊ नका, असे हा नियम म्हणत नाही. पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला एक खूण करा, एवढेच तो सांगतो. ती खूण वाचकास दिसत नाही, यंत्रास दिसते. आणि तिचा अर्थ एवढाच की, हा आमचा कौल नव्हे, ही विकलेली जागा आहे. अशी खूण २००५ पासून उपलब्ध आहे आणि २०१९ पासून प्रायोजित दुव्यासाठी निराळी खूणही आहे. म्हणजे प्रामाणिक जाहिरातदाराला काहीच अडचण नाही. अडचण आहे ती ज्याला आपले पैसे लपवावयाचे आहेत त्यालाच. आमच्याकडे आलेल्या मध्यस्थाच्या दोन्ही अटी पुन्हा वाचून पाहाव्यात. वाचकाला जाहिरात म्हणून कळू नये ही पहिली, आणि यंत्राला कळू नये ही दुसरी. दोघांनाही कळले असते तर त्याने आम्हांस एक पैसाही दिला नसता. आम्ही जे विकले ती जागा नव्हती, लपवाछपवी होती.

तेव्हा ही कारवाई न्याय्य आहे काय, असे विचाराल तर आमचे उत्तर होय असे आहे. आणि मराठी वृत्तपत्रांना तर ते नाकारण्यास तोंड नाही. २००९ सालच्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात जे घडले ते विसरले जाण्याइतके जुने नाही. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे तेच ते लेख, शब्दाला शब्द जुळणारे, निरनिराळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून दाखवून दिले. वृत्तपत्रांतील जाहिरातींवर केलेला म्हणून उमेदवाराने दाखविलेला खर्च होता ५,३७९ रुपये. चव्हाण यांनी पैसे दिल्याचा इन्कार केला. निवडणूक आयोगाला अशा खर्चाची चौकशी करण्याचा अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले, आणि आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. पण एकच लेख इतक्या पत्रांत एकाच शब्दांत कसा उगवला, याचे समाधानकारक उत्तर आम्हा पत्रकारांच्या जातीने वाचकांस आजवर दिलेले नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविषयी जो अहवाल तयार केला, तोही परिषदेने आधी संक्षेपानेच बाहेर येऊ दिला. संपूर्ण अहवाल उजेडात येण्यास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला. ज्यांनी दुसऱ्यांचे अहवाल दाबले गेल्याबद्दल अग्रलेख लिहावयाचे, त्यांची ही कथा!

निवडणुकीतील विकलेली बातमी आणि शिकवणी वर्गाचा विकलेला दुवा यांत फरक आहे तो मोलाचा, जातीचा नाही. किंबहुना दुसरा प्रकार अधिक कपटी म्हणावा लागेल. पहिल्यात निदान वाचकासमोर मजकूर असतो. तो सुज्ञ असेल तर ओळींमधला वास त्याला येतो. दुसऱ्यात वाचकासमोर काहीच नसते. मुलीने फोनवर शोध केला तेव्हा अमुक वर्ग वर का आला, कोणाच्या शब्दाने आला, त्या शब्दाला किती पैसे पडले, यांतील एकही गोष्ट तिला दिसण्याची सोय नव्हती. जुन्या बाजारात आडते आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत आणि ज्याचा माल तो शेतकरी जवळ उभा राहून नुसता रुमाल पाहत असे. तसाच हा सौदा आहे.

रुमालाचा विषय निघाला म्हणून वऱ्हाडातील एका जुन्या गोष्टीची आठवण देतो. वऱ्हाडच्या कापसाला मँचेस्टरच्या गिरण्यांची मागणी आली, गावोगाव जिनिंगचे कारखाने उभे राहिले, आणि बाजारात वजनाची, कटतीची व दलालीची लूट माजली. त्यावर उपाय म्हणून कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने नियमांखाली आणण्यात आला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद आहे. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. कोठे खरेदीविक्री व्हावी, दलाल व मापाडी कोणी असावे, याला शिस्त लागली. ही शिस्त चांगलीच होती, आणि आपल्याला सर्व सुधारणा मुंबई-पुण्याकडून आल्या असे मानणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंतु तिच्यात एक छिद्र राहून गेले. नियमांची अंमलबजावणी ज्या समितीकडे दिली तिच्यात भरणा व्यापाऱ्यांचा होता. ज्याच्या कापसासाठी हा सारा खटाटोप, त्या पिकविणाऱ्याला समितीत जागा नव्हती. मुंबई इलाख्यात १९२७ च्या कायद्याने शेतकऱ्याचे प्रतिनिधी समितीवर आले. आमच्याकडे मध्य प्रांत-वऱ्हाडचा नवा कायदा यावयास १९३२ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे वऱ्हाडचा शेतकरी अशा पंचांपुढे उभा होता की ज्यांची स्वतःची दुकाने त्याच बाजारात होती.

आज शोधयंत्रांच्या बाजारात अगदी हीच स्थिती आहे. ज्या गूगलने दुव्यांचे विक्रेते हुडकून काढण्याची शिपाईगिरी पत्करली आहे, त्या गूगलचे दुकान त्याच बाजारात, त्याच रांगेत, सर्वांत पुढे आहे. २००० सालापासून ही कंपनी आपल्या उत्तरांच्या माथ्यावरची जागा जाहिरातदारांना विकत आली आहे. त्या जागेवर 'प्रायोजित' असा शब्द असतो, हे खरे, आणि तेवढ्यापुरती ती आमच्याहून प्रामाणिक ठरते. परंतु दुव्यांच्या मार्गाने वर येणे बंद झालेला व्यापारी अखेर कोणाकडे जाणार? त्याच कंपनीच्या गल्ल्याकडे. गंमत अशी की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि गिऱ्हाइकाच्या गरजेपासून दूर जाईल, हा इशारा पेज व ब्रिन यांनी १९९८ च्या त्याच निबंधात दिला होता. तरुणपणी माणसे किती खरे बोलतात!

गूगलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१२ च्या जानेवारीत तिच्याच क्रोम या न्याहाळकाच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहविलेले लेख सापडले, तेव्हा तिने क्रोमचे पान निदान साठ दिवस खाली ढकलण्याची शिक्षा स्वतःस करून घेतली. हे खचित स्पृहणीय आहे. परंतु स्वतःच्या मुलास वर्गात दोन छड्या मारल्या म्हणून मास्तर निःपक्षपाती ठरत नाही. परीक्षेचे कागद कोणाच्या घरी असतात तेही पाहावे लागते. भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१८ च्या फेब्रुवारीत, २०१२ सालापासून चाललेल्या तक्रारींच्या अखेरीस, शोधाच्या उत्तरांत आपल्याच सेवांना झुकते माप दिल्याबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी तर शोधाच्या धंद्यातील आपली मक्तेदारी गूगलने बेकायदेशीरपणे टिकवली असा निर्णय दिला. त्या खटल्यात उघड झालेला एक आकडा आमच्या वाचकांनी सावकाश वाचावा. फोनांवर व न्याहाळकांवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे यासाठी या कंपनीने २०२१ या एका वर्षात इतरांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. म्हणजे पहिली जागा पैसे देऊन मिळवू नये, हा नियम ज्याने इतरांस घालून दिला त्याने स्वतःची पहिली जागा जगातील सर्वांत मोठा भाव देऊन घेतली होती.

आणि आता त्या ओक्लाहोमाच्या निकालाकडे वळू. कोणते पान वर हे गूगलचे मत आहे, असे न्यायालय म्हणाले. मत म्हणून ते ठीक. आमचा अग्रलेख हेही मतच आहे. आणि तो न पटल्यास वाचक उद्या दुसरे पत्र घेऊ शकतो. परंतु ज्याच्या मतावर अकोल्याच्या एखाद्या पुस्तकविक्याचे दुकान चालते किंवा बसते, ज्याच्या मतावाचून गिऱ्हाइकाने त्याच्यापर्यंत येण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ उरलेला नाही, त्याच्या मताला नुसते मत म्हणून सोडून देता येईल काय? बाजार समितीने मापाड्याचा परवाना काढून घेतला तर तो तक्रार करू शकतो, सुनावणी मागू शकतो, अखेर न्यायालयाची पायरी चढू शकतो. यंत्राने एखादे संकेतस्थळ खाली ढकलले तर मालकास ते बहुधा गिऱ्हाईक येईनासे झाल्यावरच कळते. माणसाने तपासून शिक्षा दिली असेल तर तशी नोटीस येते व फेरविचाराची विनंती करण्याची सोय आहे. पण यंत्राने आपल्या हिशेबातच वजन कमी धरले असेल, तर ना नोटीस, ना विनंती. मोठी कंपनी या विषयातले जाणकार पदरी बाळगते आणि अकरा दिवसांत परत येते. वरुडच्या संत्राबागाईतदारांच्या मुलाने हौसेने चालविलेले पान एकदा तळाशी गेले की कशामुळे गेले हेही त्याला कळत नाही.

युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर चौकशी सुरू केली. वृत्तपत्रांची पाने या नियमाखाली गूगल ज्या रीतीने खाली ढकलते ती त्यांच्या उत्पन्नाच्या रास्त मार्गावर अन्याय करणारी आहे की काय, हे त्या चौकशीत पाहावयाचे आहे. नियम हवा की नको, हा प्रश्न नसून पंच कोण आणि त्याला जाब कोणी विचारावयाचा, हा आहे. आमच्या देशातही तो त्याच स्वरूपात विचारला गेला पाहिजे. स्पर्धा आयोगाने ज्याप्रमाणे झुकत्या मापाचा विचार केला त्याप्रमाणे शिक्षेच्या रीतीचाही करावा. शिक्षा झालेल्यास कारण कळावे, त्याचे म्हणणे ठरावीक मुदतीत ऐकले जावे, आणि अखेरचा निर्णय त्याच दुकानदाराच्या हाती नसावा. शिक्षेच्या भीतीने आमच्या धंद्यातील काहीजण युरोपातील चौकशीचा हवाला देऊन आपले विकलेले दुवे झाकू पाहत आहेत. त्यांच्याशी आमचे जमावयाचे नाही. पंच पक्षपाती असला म्हणून चोरी ही चोरी नव्हे, असे होत नाही.

ग्राहकांच्या बाजूने कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे, शिफारस करणारा आणि ज्याची शिफारस केली तो यांच्यात पैशाचा संबंध असेल तर तो उघड करणे बंधनकारक आहे. शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींसाठी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये निराळे नियम झाले आहेत. आमच्या त्या लेखाने यांपैकी पहिल्याचा भंग केला, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. वर्गाचा चालक पळाला. शिफारस करणारा मात्र पळालेला नाही, तो अमरावतीत आपल्या जागी बसून हा मजकूर लिहीत आहे.

आमच्यापुरते आम्ही जे केले ते सांगून टाकतो. गेल्या सहा वर्षांत आमच्या संकेतस्थळावर आलेला, आमच्या माणसाने न लिहिलेला सर्व मजकूर आम्ही काढून तपासावयास घेतला. असे एकेचाळीस लेख निघाले. त्यांत कर्ज देणाऱ्यांचे होते, केस उगविणाऱ्यांचे होते, आणि दोन तर पैशांच्या पत्त्यांच्या खेळांचे होते, हे लिहिताना आम्हांस शरम वाटते. सर्वांवर 'जाहिरात' असा ठळक शब्द घातला आहे आणि दुव्यांना यंत्रास कळेल अशी खूण केली आहे. पत्त्यांचे दोन्ही लेख अजिबात काढून टाकले आहेत. त्यानंतर आठवड्यातच तीन मध्यस्थांची पत्रे आली. दोघांनी पैसे परत मागितले. तिसऱ्याने, दर वाढवून देतो पण खूण तेवढी काढा, असे लिहिले. तिघांनाही उत्तर गेले आहे. या मार्गाने वर्षाकाठी येणारी रक्कम संकेतस्थळ सांभाळणाऱ्या एका माणसाच्या पगाराएवढी होती. ती आता येणार नाही, आणि तो माणूस तर ठेवावयाचा आहे. म्हणून येत्या महिन्यापासून रविवारची पुरवणी दोन पानांनी कमी होईल. वाचकांनी तक्रार केली तर ती आम्ही ऐकून घेऊ.

मूर्तिजापूरच्या त्या गृहस्थांना आम्ही, आम्हांस त्या लेखापोटी मिळालेली रक्कम देऊ केली. ती त्यांनी भरलेल्या एका हप्त्याच्या चौथाईसही पुरत नव्हती. त्यांनी ती घेतली नाही. ग्राहक आयोगाकडे करावयाच्या तक्रारीचा मसुदा मात्र त्यांनी आमच्या कचेरीतच बसून लिहवून घेतला. वर्गाचा चालक हा त्यात पहिला प्रतिवादी आहे. दुसरा कोणास करावे, असे लिहिणाऱ्याने विचारले, तेव्हा ते संकोचून आमच्याकडे पाहू लागले. आम्हीच आमच्या दैनिकाचे नाव सांगितले.